जर्मन आजोबा खाडीच्या बांधावर

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही हो! ते आपोआप साठतात. पावसाळ्यात डब्यातले पापड कसे एकमेकांना चिकटून बसतात, तसं होतं. एक काढायला जावं तर चार हातात येतात. आणि मी पापडवाली बाई, मला हे कुणी वेगळं सांगायला नको!

पेणला रामवाडीत माझं पोहे-पापडांचं दुकान आहे. दुकानावर माळा आहे, आणि त्या माळ्यावर दर रविवारी सकाळी आमचं अभ्यासमंडळ भरतं. विषय एकच. इतिहास पुढे कसा सरकतो, आणि त्याच नियमाने आजचं राजकारण, सरकार, झालंच तर आपली नगरपालिका कशी समजून घ्यायची!

मंडळाचे प्राण म्हणजे दामले सर. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून रिटायर झालेले. जुन्या काळी जर्मनीत कुणी मोठा तत्त्वज्ञ होऊन गेला, त्याच्यावर सरांची श्रद्धा. त्याचं नाव उच्चारताना आमची जीभ अडखळते, म्हणून आम्ही त्याला सरळ ‘जर्मन आजोबा’ म्हणतो. आजोबांचं म्हणणं थोडक्यात असं. आधी एक वाद उभा राहतो. मग त्याच्याच पोटातून त्याचा प्रतिवाद निघतो. दोघांची जुंपते, आणि त्या भांडणातून दोघांपेक्षा वरचढ असं तिसरंच काहीतरी जन्माला येतं, तो समन्वय. पुढे तोच नवा वाद होऊन बसतो, की पुन्हा पहिल्यापासून! हे सांगायला लागले की सरांचा चष्मा नाकावरून घसरतो आणि आवाज वर चढतो.

आता ऐका.

* * *

मी मंडळात आले तीच मुळी भांडायला. माळा मी सरांना वापरायला दिला होता, तो ‘वाचन-चिंतन’ करायला. एका रविवारी वर असा काही दणदणाट सुरू झाला की छताची माती खाली वाळत घातलेल्या मिरगुंडांवर पडायला लागली! मी हातात लाटणं तसंच घेऊन जिना चढले.

वर पाहते तर सर एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला रोह्याचे मोरेभाऊ. मोरेभाऊ धाटावला एका केमिकल कंपनीत कामाला, युनियनचे पुढारी, आवाज थेट गेटवरच्या सभेचा. सर म्हणत होते, इतिहास विचारांनी पुढे जातो. मोरेभाऊ जमिनीवर मूठ आपटून म्हणत होते, “नाय सर, पोटानं जातो! पोटानं!” त्या प्रत्येक ‘पोटा’ला माझ्या छताचा एकेक टवका निघत होता.

मी म्हटलं, “हे बघा, इतिहास कशानेही जाऊ दे. आत्ता तो माझ्या मिरगुंडांत पडतोय. माळा खाली करा!”

सर रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका! दोन्ही हात पसरून म्हणाले, “मोरे, हाच तो! इतके दिवस आपण शोधत होतो तो प्रतिवाद! वहिनी, बसा!”

मी बसले. अजून उठलेली नाही.

* * *

पेणवाल्यांना रोहा लांब आणि रोहेकरांना पेण लांब, म्हणून सरांनी समन्वय काढला. एक बैठक कोलाडला घ्यायची, हायवेवरच्या हॉटेलात. कोलाड पेणपासून काही जवळ नाही, हे आम्हाला तिथे पोचेपर्यंत सुचलं नाही! मोरेभाऊंना मात्र आधीपासून ठाऊक होतं. ते घरून आंघोळ करून ताजेतवाने आले होते, आणि आमची हाडं खड्ड्यांनी खिळखिळी झाली होती.

हॉटेलचे मालक भले गृहस्थ. सरांनी त्यांना सहानुभूतीने विचारलं, “रस्त्याच्या या कामाने तुमचे फार हाल होत असतील, नाही?”

“हाल? अहो सर, रस्ता खराब हाय म्हणून तर माणसं उतरतात! कंबर धरून येतात, चहा पितात, मिसळ खातात. रस्ता झाला की गाड्या सुसाट. मग माझ्याकडे कोन बघतो?”

“म्हणजे रस्ता होऊ नये असं तुम्हाला वाटतं?”

“असं कसं? रस्ता झालाच पायजे! इथल्या रस्ता-संघर्ष समितीचा अध्यक्ष मीच हाय. मागच्या रस्ता रोकोत सगळ्यांत पुढं मी झोपलो होतो!”

सरांच्या हातातला चहा डुचमळला. “अंतर्विरोध!” ते उभेच राहिले. “चालता-बोलता अंतर्विरोध! एकाच देहात!”

मालक जरा ओशाळले. गल्ल्याकडे बघत म्हणाले, “तसं काय नाय सर. रविवारी आंदोलन असतं, बाकी वारी धंदा.”

* * *

रोह्यात कुंडलिकेच्या काठी आमची जाहीर सभा झाली होती. विषय, ‘आघाडी सरकारे आणि विरोधविकासाचे तत्त्व’. या विषयाला गर्दी कोण करणार? म्हणून मोरेभाऊंनी युक्ती काढली, पाहुणे म्हणून तिथल्या एका पुढाऱ्याला बोलावलं. नाव सांगत नाही. ओळखीची खूण एवढीच, की त्यांच्या बंगल्याच्या गेटवर पक्षाचा झेंडा लावायला भोक आहे, पण झेंडा कायमचा बसवलेला नाही.

सरांनी जीव ओतून भाषण केलं. एक पक्ष सत्तेवर येतो, तो वाद. त्याच्या चुकांतूनच विरोधी पक्ष वाढतो, तो प्रतिवाद. आणि शेवटी दोघांना एकत्र यावं लागतं, पण तेव्हा पहिला पहिल्यासारखा राहत नाही आणि दुसराही दुसऱ्यासारखा राहत नाही, तो समन्वय! पुढारी साहेब पहिल्या रांगेत मान डोलवत होते. एवढ्या लक्षपूर्वक ऐकणारा राजकारणी सरांनी जन्मात पाहिला नव्हता. भाषण संपल्यावर सर गहिवरून म्हणाले, “साहेब, काही शंका?”

साहेब उठले. सदऱ्याची बाही सारखी केली.

“सर, फार छान समजावलंत. वाद कळला. प्रतिवाद पण कळला. मला फक्त एवढंच सांगा, समन्वयात खातं कुठलं मिळतं?”

* * *

आता सुजाताबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

सुजाता म्हात्रे धरमतर खाडीच्या काठच्या एका गावाची सरपंच. एका रविवारी स्कूटर लावली, हेल्मेट हातात घेऊनच माळ्यावर आली आणि दारातूनच म्हणाली, “इथं सरकार कसा चालतो ते शिकवतात ना? मग माझा बांध कोन बांधणार ते सांगा!”

खाडीकाठची शेती बांधाच्या जिवावर असते. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी. सुजाताच्या गावच्या बांधाला खांड पडली होती, म्हणजे बांध एका जागी फुटून वाट झाली होती. गावाने तिथे गोणी टाकून वेळ मारून नेली होती. पण अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती येते, ते उधाण. तसलं एखादं जोराचं उधाण आलं की गोणी गेल्या, आणि पोटरीत आलेलं सगळं भात खाऱ्या पाण्याखाली!

“आनि एवढ्यावर भागत नाय,” सुजाता म्हणाली. “खारा पानी शेतात राहिला की चिपी उगवते.” चिपी म्हणजे खाडीतली तिवरांची झाडं. “चिपी तोडायची नाय असा कायदा हाय. चिपी वाढली की ते जंगल. मग शेत आमच्या बापाचा पन आमचा नाय! खांडीजवळच्या तुकड्यात आत्ताच उगवायला लागलीय. सर, मला सांगा. एक चिपी असली तर शेत. चार असल्या तरी शेतच. मग कितव्या चिपीला माझा शेत जंगल होतो?”

झालं! सर ताडकन उठले. त्यांचा चष्माच खाली पडला. “ऐकलंत? संख्येतला बदल गुणातल्या बदलात रूपांतरित होतो! थेंबाथेंबाने वाढतं आणि एका क्षणी जात पालटते! आजोबांनी हाच प्रश्न विचारला होता! अगदी हाच!”

सगळा माळा खूश झाला. मोरेभाऊंनी टाळी वाजवली. मी पण वाजवली, खोटं कशाला बोलू?

सुजाताने हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, “तुमाला आनंद झाला सर. माझा शेत जातो.”

माझे हात जागच्या जागी थांबले. खूप लाज वाटली मला. सर खाली बसले आणि म्हणाले, “बेटा, तुझा बांध हा आजपासून मंडळाचा बांध.” म्हणाले खरे. पण पुढे काय झालं ते ऐका!

* * *

सुजाताने ग्रामसभा बोलावली. बांधांचं काम बघणाऱ्या खात्याचे साहेब येणार होते. खात्याचं नाव मी घेत नाही, मला पेणातच राहायचंय. साहेब तरुण, पांढरे बूट घातलेले, बोलायला गोड. आम्ही सगळे मंडळवाले मागच्या बाकांवर.

सभा तापली. बायका उभ्या राहून बोलल्या, म्हाताऱ्यांनी काठ्या आपटल्या. साहेबांना घाम फुटला. शेवटी साहेब जरा नरमले. “ठीक आहे, मी वरिष्ठांशी बोलतो. या आठवड्यात पाहणी करून घेऊ...” गावकरीही शांत होत होते. सुजाताच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा हसू आलं.

तेवढ्यात मागून दामले सर ओरडले, “थांबा! तडजोड करू नका!”

सगळ्यांनी माना वळवल्या. सर भारावलेले होते. हात उंचावून म्हणाले, “हा समन्वय कच्चा आहे! विरोध अजून पुरता पिकलेला नाही! इतिहासाला घाई करून चालत नाही. पिकू द्या! विरोध पिकू द्या!”

मी त्यांच्या सदऱ्याला धरून ओढत होते. पण तोवर साहेब उठलेसुद्धा! बॅग काखेत मारली आणि सरांना वाकून नमस्कार केला.

“सर ज्येष्ठ आहेत. त्यांचा शब्द मोडणं बरं नाही. पिकू द्या.”

आणि जीप चिखल उडवत गेली!

* * *

सुजाताने सरांशी बोलणं टाकलं. सर इतके खचले की त्या रविवारी त्यांनी आजोबांचं नावसुद्धा काढलं नाही. माळ्यावर कोपऱ्यात बसून राहिले. चहा दिला तर तसाच निवू दिला. मला ते बघवेना. मी म्हटलं, “सर, केलंत तर केलंत. आता पायांत चपला घाला. आपण दोघं सुजाताला घेऊन एकेक ऑफिस धरू.” सुजाताला मी फोन केला. आधी सरांच्या नावाने खडे फोडले तिने. मग म्हणाली, “वहिनी, तुमी येता म्हणून येते.”

पहिल्यांदा गेलो त्या पांढऱ्या बुटांच्या साहेबांकडे. साहेब म्हणाले, “हा बांध आमचा नाहीच. पूर्वी गावाने बांधलेला आहे. खाजगी बांधाला सरकार हात कसा लावणार?”

मग गेलो झाडांचं बघणाऱ्या खात्याकडे. तिथल्या बाई म्हणाल्या, “बांधाच्या बाहेरची चिपी आमची. बांध आमचा नाही. चिपीला धक्का न लावता काय करायचं ते करा. आमची हरकत नाही.”

बाहेर आलो. सुजाता स्कूटरला टेकून उभी राहिली. डोळे भरून आले होते तिचे. “ते म्हनतात आमचा नाय. हे म्हनतात आमचा नाय. अमावास्या तोंडावर आलीय, गो वहिनी. कोनाच्या दारात जाऊ?”

सर पाठमोरे उभे होते. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतात की काय! तर वळले आणि पाहते तो चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डोळे लख्ख!

“नकाराचा नकार!” सर रस्त्यातच ओरडले. रिक्षावाले बघायला लागले. “सुजाता, एकाने नकार दिला, दुसऱ्याने नकार दिला. नकाराचा नकार झाला की काय उरतं?”

सुजाताने नुसतं नाक पुसलं. मीच विचारलं, “काय उरतं?”

“अगं, होकार! त्यांचा नाही आणि त्यांचाही नाही, म्हणजे बांध तुमचा! पूर्ण तुमचा!”

सुजाता ताठ उभी राहिली. आणि मग त्या ग्रामसभेनंतर पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली. “म्हंजे सर... जोळ?”

जोळ ही खाडीकाठची जुनी रीत. बांध मोडला की घरटी एक माणूस बांधावर जायचा, श्रीमंत-गरीब सगळे, आणि चिखल लावून बांध उभा करायचा. सरकार आलं, ठेकेदार आले, तशी जोळ विसरली गेली. आता कंपनीत शिफ्टला जाणारी पोरं, त्यांना जोळ कुठली माहीत?

सरांना स्फुरण चढलं. “बघा! जोळ हा वाद! सरकारी खातं हा प्रतिवाद! आणि आता यातून जो समन्वय...”

“सर,” सुजाता स्कूटरला किक मारत म्हणाली, “तो उधानाच्या आधी झाला पायजे!”

* * *

आणि आता तो दिवस. अंगावर काटा येतो हो अजून!

ओहोटी लागली आणि सगळा गाव बांधावर उतरला. घरटी एक माणूस ठरलं होतं, पण घरंच्या घरं आली! म्हाताऱ्या बायका कासोटा मारून चिखलात उभ्या. शिफ्ट बुडवून आलेली पोरं, मुंबईहून आलेला एक जावई. मोरेभाऊंनी धाटावहून कामगारांचा टेम्पो भरून आणला होता. पेणहून आम्ही मंडळवाले. सर कुणाची तरी हाफ पँट घालून आले होते, त्यांच्या पांढऱ्याफेक पायांकडे बघून बायका पदर तोंडाला लावत होत्या.

“चल गो वहिनी, लाग लायनीत!” एका आजीने मला ओढलं, आणि माझ्या हातात चिखलाचं घमेलं आलं.

चिपीला हात लावायचा नाही, हे सुजाताने सगळ्यांना बजावलं होतं. चिखल मोकळ्या जागेतून कापायचा, हातोहात पुढे द्यायचा, खांडीत थापायचा. एका बाजूने पेणवाले, दुसऱ्या बाजूने रोहेकर! कोण आधी मध्यावर पोचतं याची चुरस लागली. मोरेभाऊ चिखलातून ओरडत होते, “सर, बोला आता! इतिहास कशानं जातो?” सर धापा टाकत म्हणाले, “घमेल्याने, मोरे, घमेल्याने!” अख्खा बांध हसला. इतकं हसले नव्हते मी कित्येक वर्षांत!

पण खांड मोठी होती. दुपार कलली तरी मधली वाट उघडीच होती. ओहोटी संपत आली. सुजाता सारखी खाडीकडे बघत होती. आणि तेवढ्यात बांधावरून चिखल उडवत जीप आली.

पांढऱ्या बुटांचे साहेब उतरले. बरोबर दोन माणसं. कुणीतरी खबर दिली असणार.

“थांबवा हे! कोणाची परवानगी घेतलीत? असा कुणीही उठून बांधाला हात लावू शकत नाही!”

हात थांबले. घमेली जागच्या जागी राहिली. सुजाता चिखलातून वर आली. कोपरापर्यंत चिखल, कपाळाला चिखल.

“का नाय लावायचा साहेब?”

“का म्हणजे? हा सरकारी बांध आहे!”

सुजाताने कानामागे हात धरला.

“काय म्हनलात? जरा मोठ्यानं सांगा. खालच्या लोकांना ऐकू नाय आला.”

साहेब चिडले. जीपच्या पायरीवर चढले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले, “हा बांध सरकारचा आहे! सरकारचा!”

आधी एका आजीने टाळी वाजवली. मग दुसरीने. मग पेणच्या बाजूने, रोह्याच्या बाजूने, सगळ्या बांधाने! मोरेभाऊंनी शिट्टी मारली. दामले सर चिखलात बसकण मारून हसत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम. साहेब बावरून इकडेतिकडे बघत राहिले. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं.

सुजाता हसली नाही. तिने एकदा खाडीकडे पाहिलं. मग चिखलाने भरलेलं घमेलं उचललं, जीपपाशी गेली आणि साहेबांच्या दोन्ही हातांत ठेवलं.

“मग बूट काढा साहेब. पानी चढतंय.”